टेट्रासायक्लिनमागचा माणूस

ऑगस्ट १९९४ च्या अखेरीस बीड जिल्ह्यातील मामला या लहानशा गावात तापाचे रुग्ण दिसू लागले. ताप आणि त्यासोबत जांघेत किंवा काखेत दुखऱ्या गाठी. गाठीच्या प्लेगचा संशय आला आणि आरोग्य यंत्रणा गावात धावली. वर्षभरापूर्वीच, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा हादरला होता. धक्क्यांच्या धास्तीने मामल्यातले लोक घराबाहेर राहू लागले, बंद घरांत धान्य पडून राहिले, उंदीर वाढले आणि उंदरांच्या पिसवांमधून आजार माणसांत आला, असे तेव्हा मानले गेले. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगचे रुग्ण निघाले. लाखो माणसे रेल्वे आणि बस मिळेल तशी पकडून शहराबाहेर पडली. देशभरात या साथीने पन्नासहून अधिक जीव घेतले.

कळंबहून मांजरा ओलांडली की बीड जिल्हा लागतो. त्या वर्षीची भीती आपल्या भागासाठी वर्तमानपत्रातली लांबची बातमी नव्हती. त्या दिवसांत एका औषधाचे नाव सर्वांच्या तोंडी झाले : टेट्रासायक्लिन. रुग्णांना ते दिले गेले, रुग्णांच्या सहवासातल्या लोकांना दिले गेले आणि ज्यांचा रुग्णाशी काडीचाही संबंध नव्हता अशा असंख्य लोकांनी ते दुकानातून आपणहून आणून घेतले. अनेक ठिकाणी औषध दुकानांतला साठा संपला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा डॉक्टरांच्या हाती देण्यासारखे औषधच नव्हते. उपचार न मिळाल्यास गाठीच्या प्लेगचे निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात आणि फुफ्फुसाच्या प्लेगचा रुग्ण सहसा वाचत नाही. १९९४ मध्ये मात्र एक स्वस्त कॅप्सूल उपलब्ध होती. या कॅप्सूलच्या घराण्यातले पहिले औषध ज्या प्रयोगशाळेतून निघाले, तिचे संशोधनप्रमुख आंध्रातल्या एका गरीब घरातला मुलगा होता. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे त्याचे नाव.

भीमावरम ते बोस्टन

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील भीमावरम येथे झाला. वडील महसूल खात्यात साधे नोकरदार होते. त्यांना आजारपणामुळे नोकरी लवकर सोडावी लागली आणि घरची ओढाताण सुरू झाली. मुलाचे लक्ष अभ्यासात नव्हते. एकदा तर तो काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि पैसा कमवायचा, असे ठरवून घरातून पळाला. त्याला परत आणण्यात आले. मॅट्रिकला तो दोनदा नापास झाला आणि तिसऱ्या खेपेला मद्रासमधून उत्तीर्ण झाला. त्याने शिकलेच पाहिजे, हा आईचा हट्ट नसता तर ही गोष्ट तिथेच संपली असती.

तरुणपणी सुब्बाराव यांचा ओढा रामकृष्ण मिशनकडे होता. संन्यास घेण्याची इच्छा होती, पण आईने परवानगी दिली नाही. मग निदान माणसांची सेवा घडेल म्हणून त्यांनी वैद्यकीय शिक्षण निवडले. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकत असताना गांधीजींच्या हाकेला प्रतिसाद म्हणून त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा डगला घालायला सुरुवात केली. शल्यचिकित्सेचे इंग्रज प्राध्यापक नाराज झाले. लेखी परीक्षेत चांगली कामगिरी करूनही सुब्बाराव यांना एमबीबीएस ही पूर्ण पदवी मिळाली नाही, एलएमएस या दुय्यम प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. त्यामुळे सरकारी वैद्यकीय सेवेचे दार बंद झाले. मग त्यांनी मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवले.

याच काळात घरावर आजाराचा घाला पडला. स्प्रू नावाचा आतड्यांचा एक विकार उष्ण प्रदेशांत आढळतो. यात जुलाब थांबत नाहीत, खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, रक्त कमी होत जाते आणि माणूस हळूहळू झिजतो. सुब्बाराव यांचे भाऊ या आजाराने गेले. त्यांना स्वतःलाही तो झाला, पण ते त्यातून उठले. भावांच्या आजारावर आपल्याकडे औषध नाही, ही जाणीव त्यांना पुढे आयुष्यभर पुरली.

उष्ण प्रदेशातील रोगांचा अभ्यास करण्यासाठी हार्वर्डला जायचे त्यांनी ठरवले. खर्चाचा भार सासऱ्यांनी आणि काकीनाड्याच्या एका धर्मादाय संस्थेने उचलला. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बोटीने निघाले. पत्नी शेषगिरी मागे राहिल्या. काही वर्षांत परत येतो, असा बेत होता, पण तो कधीच पुरा झाला नाही. ते गेल्यानंतर जन्मलेला मुलगा तान्हेपणीच वारला. बापलेकाची भेट झाली नाही आणि नवराबायकोचीही पुन्हा झाली नाही.

आधी मोजमाप

भारतातले प्रमाणपत्र अमेरिकेत डॉक्टरकी करायला चालणारे नव्हते. पोट भरण्यासाठी सुब्बाराव यांनी बोस्टनच्या रुग्णालयात रात्रपाळीचे हमालीचे काम केले. यात रुग्णांची भांडी धुण्याचे कामही आले. दिवसा अभ्यास चाले. पुढे हार्वर्डच्या जीवरसायन विभागात सायरस फिस्के यांच्या हाताखाली त्यांना काम मिळाले.

रक्तात आणि लघवीत फॉस्फरस किती आहे, हे मोजण्याची सोपी आणि खात्रीची पद्धत या दोघांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. नमुन्यात रसायन मिसळले की निळा रंग येतो आणि रंग जितका गडद तितका फॉस्फरस जास्त. फिस्के-सुब्बाराव पद्धत या नावाने ती आजही जीवरसायनाच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते. या मोजमापातूनच स्नायूंमधले फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये एटीपी हाती लागले. पेशीला लागणारी ऊर्जा ज्या रेणूतून खर्च होते, तो हा एटीपी. जर्मनीतील कार्ल लोमान यांनीही त्याच वर्षी तो स्वतंत्रपणे शोधला होता.

काम मोठे होते, पण हार्वर्डने कायमची नेमणूक दिली नाही. १९४० मध्ये सुब्बाराव न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि थोड्याच काळात तिथल्या संशोधनाची सूत्रे त्यांच्याकडे आली. वय पंचेचाळीसच्या पुढे गेले होते आणि हातात उरली होती जेमतेम आठ वर्षे.

मुंबईच्या गिरणी कामगार बायका आणि एक जीवनसत्त्व

लेडर्लेतील त्यांचे पहिले मोठे काम आपल्या मुंबईशी जोडलेले आहे. १९२८ पासून ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत गरोदर बायकांमधल्या रक्तक्षयाचा अभ्यास करत होती. यातल्या अनेक जणी कापड गिरण्यांत काम करणाऱ्या होत्या, त्यांचा आहार तुटपुंजा होता. यीस्टचा अर्क दिला की त्यांचे रक्त सुधारते, हे तिने दाखवले. अर्कातला नेमका कोणता घटक काम करतो, हे मात्र कळत नव्हते. तो घटक शुद्ध रूपात वेगळा करून प्रयोगशाळेत तयार करण्यात सुब्बाराव यांच्या चमूला १९४५ मध्ये यश आले. तोच फॉलिक ॲसिड. आज आशाताई गरोदर बाईच्या हातात लोहाची जी गोळी ठेवतात, तिच्यात फॉलिक ॲसिडही असते.

याच कामाची दुसरी बाजू म्हणजे फॉलिक ॲसिडच्या कामात अडथळा आणणारी रसायने. सुब्बाराव यांच्या चमूने ती बनवली आणि बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांवर वापरली. काही मुलांचा आजार प्रथमच तात्पुरता का होईना मागे हटला. आज कर्करोग आणि संधिवातात वापरले जाणारे मेथोट्रेक्सेट याच कुळातले. हत्तीरोगावरची डीईसी ही गोळीही १९४७ मध्ये याच प्रयोगशाळेने आणली. हत्तीरोगाच्या सामुदायिक औषध मोहिमेत दारोदार वाटली जाते, तीच ही गोळी.

सोनेरी वसाहत

त्या वेळी पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही दोन औषधे वैद्यकशास्त्राला नवी उभारी देत होती. पण दोघांनाही मर्यादा होत्या. पेनिसिलिन काही प्रकारच्या जिवाणूंवरच चाले आणि तेव्हा ते मुख्यतः इंजेक्शनने द्यावे लागे. स्ट्रेप्टोमायसिन क्षयाच्या आणि आणखी काही जिवाणूंवर चाले, पण तेही सुईनेच. तोंडाने घेता येईल आणि अनेक जिवाणूंवर चालेल, असे औषध हवे होते.

हे काम सुब्बाराव यांच्या विभागातील बेंजामिन डग्गर यांच्याकडे होते. डग्गर वनस्पतीशास्त्रज्ञ होते, विद्यापीठातून निवृत्त झालेले आणि सत्तरी ओलांडलेले. ठिकठिकाणची माती मागवायची, तिच्यातले सूक्ष्मजीव वाढवायचे आणि कोणता सूक्ष्मजीव शेजारच्या जिवाणूंना वाढू देत नाही, हे पाहायचे. हजारो नमुने तपासावे लागत. १९४५ मध्ये मिसूरी विद्यापीठाच्या सॅनबोर्न फील्ड या जुन्या प्रायोगिक शेताच्या मातीतून एक सूक्ष्मजीव निघाला. त्याची वसाहत सोनेरी रंगाची होती. त्याने स्रवलेल्या द्रव्याला सोन्याच्या लॅटिन नावावरून ऑरिओमायसिन असे नाव मिळाले. त्याचे रासायनिक नाव क्लोरटेट्रासायक्लिन. टेट्रासायक्लिन घराण्यातले हे पहिले औषध.

शोध डग्गर यांचा, तो औषध म्हणून उभा करण्याची जुळवाजुळव सुब्बाराव यांची. रसायनज्ञ, सूक्ष्मजीवतज्ज्ञ आणि डॉक्टर यांना एका कामाला लावणे ही त्यांची खासियत होती. स्वतःचे नाव पुढे करण्याची त्यांना सवय नव्हती. जुलै १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांसमोर ऑरिओमायसिनची माहिती मांडली गेली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव हृदयविकाराने वारले. वय होते ५३. भारत स्वतंत्र होऊन वर्ष होत आले होते.

स्प्रू या आजारावर डॉक्टर आज काय देतात, हे इथे सांगायला हवे : फॉलिक ॲसिड आणि टेट्रासायक्लिन, दोन्ही काही महिने. ज्या आजाराने सुब्बाराव यांचे भाऊ नेले, त्यावरची ही दोन्ही औषधे त्यांच्याच प्रयोगशाळेच्या वाटेने आली. पहिले तयार झालेले त्यांनी पाहिले. दुसऱ्याचा या आजारात उपयोग होतो, हे कळायला मात्र ते राहिले नाहीत.

कॅप्सूल पोटात गेल्यावर

टेट्रासायक्लिन काम कसे करते, हे कळले की ते कधी घ्यावे आणि कधी घेऊ नये, हेही बरेचसे कळते.

प्रत्येक जिवंत पेशीत प्रथिने बनवणारे बारीक कारखाने असतात. त्यांना रायबोसोम म्हणतात. जिवाणूचे रायबोसोम आणि आपले रायबोसोम यांची घडण वेगळी असते. टेट्रासायक्लिन जिवाणूच्या रायबोसोमला जाऊन चिकटते आणि प्रथिने बनवण्याचे काम थांबवते. माणसाच्या पेशीला त्याचा तितका त्रास होत नाही. शत्रूचे नुकसान करायचे आणि घरच्यांना शक्य तितके सांभाळायचे, हे प्रत्येक चांगल्या प्रतिजैविकाचे मूळ तत्त्व आहे.

विषाणूंकडे स्वतःचा रायबोसोम नसतो. ते आपल्याच पेशींचा कारखाना वापरतात. म्हणून सर्दी, फ्लू, डेंगू, बहुतेक घसादुखी आणि बहुतेक साध्या तापांत टेट्रासायक्लिन काय किंवा दुसरे कोणतेही प्रतिजैविक काय, त्याला पकडायला जागाच नसते. ताप तीन-चार दिवसांनी आपोआप उतरतो आणि श्रेय गोळीला जाते. अशाच गैरसमजातून पुढच्या वेळी तीच गोळी आणली जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे टेट्रासायक्लिन बहुतेक जिवाणूंना ठार करत नाही, त्यांची वाढ थोपवते. उरलेले काम शरीराची प्रतिकारशक्ती करते. त्यासाठी औषधाची रक्तातली पातळी ठरावीक मर्यादेच्या वर काही काळ टिकावी लागते. जुने टेट्रासायक्लिन शरीरातून लवकर बाहेर पडते, म्हणून ते दिवसातून चार वेळा घ्यावे लागे. याच घराण्यातले पुढे आलेले डॉक्सिसायक्लिन शरीरात बराच वेळ टिकते, म्हणून ते दिवसातून एक किंवा दोन वेळा पुरते. चिठ्ठीवर किती तासांनी असे लिहिलेले असते, ते यासाठीच. सकाळची गोळी चुकली म्हणून रात्री दोन घेणे हा त्यावरचा उपाय नाही.

तिसरी गोष्ट जेवणाची. टेट्रासायक्लिन कॅल्शियम, लोह आणि मॅग्नेशियम यांना घट्ट धरून ठेवते. दूध, लोहाची गोळी किंवा ॲसिडिटीचे औषध यांच्यासोबत घेतले तर औषधाचा बराच भाग आतड्यातच बांधला जातो आणि रक्तात पोहोचत नाही. ताकद यावी म्हणून ग्लासभर दुधासोबत गोळी देण्याची आपल्याकडची पद्धत या औषधाच्या बाबतीत उलटी पडते. कॅल्शियमच्या याच ओढीमुळे ते वाढत्या मुलांच्या दातांत आणि हाडांत जाऊन बसते आणि दात कायमचे पिवळे-तपकिरी होतात. म्हणून आठ वर्षांखालील मुलांना आणि गरोदर स्त्रियांना जुनी टेट्रासायक्लिने देत नाहीत. एखाद्या विशिष्ट गंभीर आजारात डॉक्टरांनी विचार करून लहान मुलाला थोडे दिवस डॉक्सिसायक्लिन दिले, तर ती गोष्ट वेगळी. मुदत संपलेले जुने टेट्रासायक्लिन मूत्रपिंडाला इजा करू शकते. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल कोरडीच गिळून लगेच आडवे झाल्यास अन्ननलिकेला जखम होऊ शकते, म्हणून ती पेलाभर पाण्यासोबत, बसून घ्यावी.

सगळ्यावर चालते, याची किंमत

ऑरिओमायसिनचे मोठे वैशिष्ट्य असे होते की ते नाना प्रकारच्या जिवाणूंवर चाले. रुग्णाला नेमका कोणता जिवाणू त्रास देतो, हे कळायच्या आत उपचार सुरू करता येत. गंभीर रुग्णासाठी हे वरदानच होते. पण याच गुणाने एक वाईट सवय लावली. निदान न करताही औषध चालते, तर निदान कशाला करायचे? जो शास्त्रज्ञ निळ्या रंगाच्या छटांवरून फॉस्फरस मोजत पुढे आला, त्याच्या प्रयोगशाळेतले औषध जगभर न मोजता, न तपासता दिले जाऊ लागले.

सुब्बाराव यांच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात लेडर्लेमध्ये आणखी एक गोष्ट आढळली. थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे तिथले संशोधक कोंबड्यांच्या पिलांना जीवनसत्त्व मिळावे म्हणून ऑरिओमायसिन काढून घेतल्यानंतर उरलेला चोथा खाऊ घालत होते. ती पिले इतरांपेक्षा भराभर वाढली. कारण होते चोथ्यात उरलेले प्रतिजैविक. मग कोंबड्या, डुकरे आणि गुरे यांच्या खाद्यात थोडे थोडे प्रतिजैविक मिसळण्याची प्रथाच पडली. आजार नसताना, कमी मात्रेत आणि महिनोन्‌महिने.

जिवाणू या सगळ्यातून शिकत गेले. काहींनी पेशीत शिरलेले टेट्रासायक्लिन उपसून बाहेर फेकणारे पंप मिळवले. काहींनी रायबोसोमवर राखणदार प्रथिने बसवली. ही विद्या एक जिवाणू दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही, देऊ शकतो. १९५० च्या दशकात जपानमध्ये आमांशाचे असे जिवाणू सापडले, ज्यांच्यावर टेट्रासायक्लिनसह एकाच वेळी अनेक औषधे चालत नव्हती. २००६ मध्ये युरोपीय संघाने जनावरांची वाढ व्हावी म्हणून प्रतिजैविके देण्यावर बंदी घातली. भारताने २०१९ मध्ये कोलिस्टिन या राखीव औषधाचा पशुखाद्यातला वापर बंद केला. लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट झाले.

प्रतिजैविक इतर औषधांहून वेगळे आहे ते याच जागी. एका माणसाने रक्तदाबाची गोळी चुकीची घेतली तर नुकसान त्याचे. एका माणसाने प्रतिजैविक चुकीचे घेतले तर त्याच्या आतड्यात तयार झालेले निर्ढावलेले जिवाणू घरात, गावात, पाण्यात जातात. पुढे न्यूमोनिया झालेल्या शेजाऱ्याच्या मुलाला ते औषध लागू पडत नाही.

मामला, सुरत आणि आपण

आता १९९४ कडे पुन्हा पाहू. प्लेगच्या रुग्णाला ताबडतोब प्रतिजैविक देणे योग्यच होते, कारण या आजारात उशीर जीवघेणा ठरतो. फुफ्फुसाच्या प्लेगच्या रुग्णाच्या जवळ राहिलेल्या घरच्यांना आणि परिचारिकांना काही दिवस प्रतिबंधक गोळी देणेही योग्य होते. कारण जंतू नेमका माहीत होता, धोका खरा होता आणि औषध लागू होते. पण शेकडो किलोमीटर दूर, रुग्णाशी गाठ न पडलेल्या माणसाने भीतीपोटी दोन दिवस कॅप्सूल खाऊन सोडून देण्याने त्याचे संरक्षण झाले नाही. ज्याला खरी गरज होती त्याच्यासाठी साठा मात्र कमी झाला. औषध तेच, दिवस तोच. फरक होता तो गरज पाहून दिले की भीती पाहून घेतले, एवढाच.

मुंबईत पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चाललेल्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून महापालिका डॉक्सिसायक्लिन देते. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण वाढले, तेव्हा डॉक्सिसायक्लिन हेच पहिल्या पसंतीचे औषध होते. माहीत असलेला धोका, निवडलेली माणसे, ठरलेली मात्रा असा हा वापर आहे. हे औषधांचे घराणे आज सत्तरहून अधिक वर्षांनंतरही उपयोगी पडते आणि म्हणूनच ते जपायचे आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रतिजैविकांचे तीन गट करते. पहिला नेहमीच्या वापराचा, दुसरा जपून वापरायचा, तिसरा शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायचा. डॉक्सिसायक्लिन पहिल्या गटात आहे. साध्या सर्दी-खोकल्याला सर्रास घेतले जाणारे ॲझिथ्रोमायसिन दुसऱ्या गटात आहे. ताकदीचे औषध द्या, असा आग्रह आपण डॉक्टरांकडे धरतो तेव्हा नेहमीच्या औषधाने भागत असतानाही राखीव फौज बाहेर काढायला लावतो.

आपल्या देशात प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पाकिटावर उभी लाल रेघ असते, ती हेच सांगते. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीतील औषधांसाठी तर दुकानदाराला डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. कायदा आहे, पण मेडिकलच्या काउंटरपलीकडून आपणच सुट्या चार गोळ्या मागितल्या तर कायदा एकटा पुरत नाही.

घरात पाळता येतील अशा गोष्टी फार नाहीत. ताप आला की आधी तो कशाचा आहे ते डॉक्टरांना ठरवू द्या. रक्त, लघवी किंवा थुंकी तपासायला सांगितली तर तो पैसा वाया गेला असे समजू नका. ही गोळी कोणत्या जंतूसाठी, किती दिवस आणि जेवणाआधी की नंतर, हे विचारायला संकोच करू नका. बहुतेक जुलाबांत पहिले औषध ओआरएसचे पाणी असते, कॅप्सूल नव्हे. अलीकडच्या अभ्यासांतून अनेक आजारांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचा उपचार पुरतो असे दिसले आहे. पण किती दिवस पुरतो, हे डॉक्टर ठरवतील. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने मधेच थांबवू नका आणि बरे वाटले नाही म्हणून आपल्या मनाने वाढवूही नका. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी कपाटात ठेवू नका, शेजाऱ्याला देऊ नका. गोठ्यातल्या गाईम्हशीला किंवा शेळीला पशुवैद्यकाने प्रतिजैविक दिले असेल, तर त्यांनी सांगितलेले दिवस ते दूध डेअरीत घालू नका आणि घरीही वापरू नका.

सुब्बाराव यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९५ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. मामला आणि सुरतेच्या साथीला तेव्हा वर्ष उलटले होते. त्या साथीत ज्यांना त्यांच्या वाटेने आलेल्या औषधाने वाचवले, त्यांतल्या फारच थोड्यांना हे नाव ठाऊक असेल. नाव ठाऊक नसले तरी चालेल. आपल्या नातवंडांना जेव्हा ही कॅप्सूल खरोखर लागेल, तेव्हा तिने काम करावे, एवढी काळजी मात्र आपण आज घ्यायला हवी.